झेवियर्स आर्ट्सचे आगामी कार्यक्रम आणि सूचना : ठाणे-नवी मुंबईकरांसाठी धागा

वर्तकनगरची

नमस्कार मंडळी. लेकीला बारावी आर्ट्सनंतर सेंट झेवियर्सला एफवायबीएला ॲडमिशन मिळालीये (धोबीतलावचं, मुंबईचं). घरात सगळे खूश, सासूबाईंनी तर सोसायटीत पेढे वाटून झाले. आता प्रश्न असा की आमच्या घरात आजवर कोणी फादरांच्या कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे तिथलं वर्ष कसं चालतं, कुठले कार्यक्रम कधी असतात, सूचना कुठे लागतात याची काहीच कल्पना नाही. लेक म्हणते आई सगळं इन्स्टावर असतं तू टेन्शन घेऊ नको, पण ती स्टोरी चोवीस तासात उडून जाते आणि मग संध्याकाळी सातला फोन येतो की आज उशीर होणार आहे.

त्यात आमच्या पालकांच्या ग्रुपवर गेले दोन दिवस एक फॉरवर्ड फिरतोय, "सेंट झेवियर्स युनिव्हर्सिटी, स्कूल ऑफ आर्ट्स, ओरिएंटेशनची तारीख". ते हेच का? शिवाय पालकांना किंवा बाहेरच्यांना यातल्या कुठल्या कार्यक्रमांना येऊ देतात का? मला स्वतःला गाण्याची आवड आहे म्हणून विचारतेय. ज्यांची मुलं तिथे आहेत किंवा जे स्वतः तिथे शिकलेत त्यांनी लिहा, सगळं एका ठिकाणी राहील.

कोपरीकर

अभिनंदन. पण ताई एक विचारू का, बीए करायला रोज ठाण्याहून सीएसएमटी? आपल्याकडे जोशी-बेडेकर आहे, वाशीला कर्मवीर भाऊराव पाटील (पूर्वीचं मॉडर्न) आहे. सकाळी ठाण्याला फास्टमध्ये चढणं म्हणजे काय असतं ते मी रोज भोगतोय. नुसत्या नावासाठी एवढं?

वर्तकनगरची

@कोपरीकर, तो विषय घरात दोन महिने चालला होता, आता संपलाय 😀 फी भरली. धाग्याच्या विषयावर या.

ऐरोलीची_पोर

मी एसवायबीएला आहे तिथेच! ऐरोलीहून ट्रान्स हार्बरने ठाणे आणि मग फास्ट, सवय होते हो काका.

आधी तो फॉरवर्ड. काकू ते आपलं नाही, डिलीट मारा. सेंट झेवियर्स युनिव्हर्सिटी ही कोलकात्याला आहे, न्यू टाउनला, 2017 ची. आपलं मुंबईचं आहे ते कॉलेज, मुंबई विद्यापीठाशी संलग्न आणि 2010 पासून स्वायत्त. स्वायत्त म्हणजे परीक्षा, सिलॅबस, टाइमटेबल कॉलेजचं, डिग्री मुंबई विद्यापीठाची. त्यामुळे "मुंबई युनिव्हर्सिटीच्या परीक्षा पुढे ढकलल्या" अशी बातमी आली की आमच्याकडे सगळे पालक फोन करतात आणि ती आम्हाला लागूच नसते. आमची तारीख कॉलेजच्या साइटवर आणि कॉलेजच्या ईमेलवर येते. कॉलेजचा ईमेल आयडी मिळाला की पहिल्या दिवशी फोनवर चालू करून घ्यायला सांगा तिला. इन्स्टावर फक्त फेस्टचा गाजावाजा असतो, सबमिशनच्या डेट इन्स्टावर नसतात.

सीवूड्सचा_बाबा

बरोबर. झेवियर्स नावाची कॉलेजं देशभर आहेत, कोलकात्याचं 1860 चं, अहमदाबाद, रांची, पालयमकोट्टई... सगळी जेझुइट (कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) फादरांची. आणि आपल्या भागात नुसतं "सेंट" लावलेल्या शाळा पण भरपूर आहेत ज्यांचा चर्चशी काडीचा संबंध नाही, त्यामुळे नाव बघून फॉरवर्डवर विश्वास ठेवायचा नाही.

जुना_झेवियराइट

नेरूळला राहतो, ऐंशीच्या दशकात तिथून बीए (हिस्टरी) केलंय तेव्हा माझं थोडं जुनं आणि थोडं नवीन. नवीन म्हणजे भाची हल्लीच पास आऊट झाली.

वर्षाचा अंदाज देतो. जूनअखेर-जुलैत ओरिएंटेशन. 31 जुलैला सेंट इग्नेशियसचा सण, हे जेझुइट संघाचे संस्थापक. ऑगस्टमध्ये मल्हार. ऑक्टोबरात पहिल्या सेमिस्टरच्या परीक्षा. 3 डिसेंबरला सेंट फ्रान्सिस झेवियरचा सण, म्हणजे ज्यांच्या नावाचं कॉलेज. मग नाताळची सुट्टी, आणि जानेवारीत जॅनफेस्ट. बाकी मराठी वाङ्मय मंडळाचा आमोद आणि इंग्लिश डिपार्टमेंटचा इथाका, या दोन्हींच्या तारखा त्या त्या वर्षी जाहीर होतात, तुमची लेक साहित्याकडे जाणारी असेल तर दोन्हींवर लक्ष ठेवा.

ताई, तुम्हाला गाण्याची आवड असेल तर तुमचा कार्यक्रम जॅनफेस्ट. इंडियन म्युझिक ग्रुप म्हणून विद्यार्थ्यांचाच गट आहे, सत्तरच्या दशकात सुरू झालेला, आणि शास्त्रीय संगीताची ती मैफल ते कॉलेजच्या चौकात म्हणजे क्वाडमध्ये भरवतात. बाहेरच्या रसिकांना पास काढून येता येतं. दगडी कमानी, वर उघडं आकाश, जानेवारीची हवा. आमच्या वेळी पहाटेपर्यंत चालायचं आणि पहिली लोकल पकडून घरी. आता लाउडस्पीकरला रात्री दहाचा नियम आहे त्यामुळे ठाणेकरांची सोयच झाली म्हणा.

वर्तकनगरची

जॅनफेस्ट नोंदवून ठेवलं! पास कुठे मिळतात?

ऐरोलीची_पोर

आयएमजीच्या म्हणजे इंडियन म्युझिक ग्रुपच्या पेजवर डिसेंबरपासून बघत राहा. आणि मल्हारला मात्र पालकांनी येऊ नका प्लीज 🙏 तो इंटरकॉलेज फेस्ट आहे, बाहेरच्या कॉलेजच्या मुलांना पण रजिस्ट्रेशन आणि कॉलेज आयडी लागतो. दरवर्षी कोणाचे तरी आईबाबा गेटवर सिक्युरिटीशी हुज्जत घालतात "आमची मुलगी आत नाचतेय" म्हणून.

तीन_पेट्रोल_पंप

मल्हार म्हणजे नक्की काय असतं? भाचा ठाण्याच्या कॉलेजात आहे तो पण म्हणतो "आम्ही मल्हारला जाणार". झेवियर्सचा आणि त्याचा काय संबंध?

ऐरोलीची_पोर

मल्हार 1979 पासून आहे. मुंबईभरची कॉलेजं आपापला कंटिंजंट घेऊन येतात, म्हणजे पंचवीस-तीस किंवा जास्त मुलांची टीम, त्यांचा एक सीएल असतो म्हणजे कंटिंजंट लीडर, आणि मग डान्स, नाटक, लिटररी, फाइन आर्ट्स, क्विझ, डिबेट अशा ढीगभर स्पर्धा, पॉइंट्स मिळतात आणि शेवटी एक कॉलेज जिंकतं. सोबत एक कॉन्क्लेव्ह असतो, त्यात पाहुणे येऊन बोलतात. तुमचा भाचा त्याच्या कॉलेजकडून येत असणार. आणि झेवियर्सची मुलं स्वतः स्पर्धेत नसतात, ती सगळं चालवतात. एफवायला वर्कफोर्समध्ये घेतात, त्याचे इंटरव्ह्यू कॉलेज सुरू झालं की लगेच होतात. काकू ही सूचना खरी महत्त्वाची आहे तुमच्यासाठी, कारण एकदा ती वर्कफोर्सला लागली की जुलैचा शेवट आणि ऑगस्ट तुम्हाला ती घरी दिसणार नाही.

कोपरीकर

हेच म्हणत होतो मी. पोरं फेस्टची पोस्टरं चिकटवत फिरतात आणि 75 टक्के अटेंडन्सचं काय?

ऐरोलीची_पोर

फेस्टच्या कामाची हजेरी काही प्रमाणात धरतात, पण त्यासाठी फॉर्म वेळेत द्यावा लागतो आणि तो फॉर्म द्यायची डेट, परत, ईमेलवर येते. तो वेळेत न दिल्यामुळे माझ्या दोन मैत्रिणींची कमी हजेरीच्या लिस्टमध्ये नावं लागली होती.

तलावपाळी

आम्ही ईस्ट इंडियन म्हणजे इथलेच मूळचे कॅथलिक, ठाण्याचेच पिढ्यानपिढ्या. वरती जुलै आणि डिसेंबरचे सण लिहिलेत त्यावर थोडं. या दिवशी कॉलेजात मिस्सा म्हणजे सामूहिक प्रार्थना असते, कॅथलिक मुलं जातात, बाकीच्यांना कोणी धरून नेत नाही पण गेलात तर मागे बसा, छान गायन असतं. बरेच हिंदू-मुस्लिम मित्र आमच्याबरोबर यायचे.

कॅलेंडरचा एक मुद्दा मात्र आधीच माहीत असलेला बरा. ख्रिस्ती संस्थांमध्ये दिवाळीची सुट्टी आखडती असते आणि नाताळची मोठी असते, त्यामुळे गावी जायची तिकिटं काढताना शेजारच्या मुलांची सुट्टी बघून काढू नका. गणपतीत पण पाच दिवस धरून चालू नका. आमच्याकडे उलटं, 8 सप्टेंबरला मोतमावलीचा (माउंट मेरीचा) सण, त्या आठवड्यात अख्खं घर बांद्र्याला आणि माझ्या भावाचं ज्या कॉलेजात शिक्षण झालं तिथे नेमकी तेव्हाच टेस्ट, दरवर्षी. त्यामुळे सगळ्यांचं रडगाणं सारखंच आहे.

वर्तकनगरची

गणपतीचं बरं सांगितलंत, आमच्याकडे गौरीपर्यंत असतात गणपती. सासूबाईंना आत्तापासून तयार करते 😅

अजून एक. कोणी म्हणालं की अर्ध्या सीट ख्रिश्चन मुलांना असतात त्यामुळे बाकीच्यांना बाजूला टाकतात. असं काही असतं का हो?

तलावपाळी

अल्पसंख्याक दर्जाची संस्था आहे, राज्यघटनेच्या कलम 30 खाली, त्यामुळे ॲडमिशनला 50 टक्के जागा त्या कोट्यात. ते ॲडमिशनपुरतं. वर्गात बसल्यावर कोण कुठल्या यादीतून आलं हे कोणाला माहीतही नसतं. आणि सिंधी, गुजराती, जैन ट्रस्टच्या कॉलेजांना पण असाच कोटा असतो, त्यावर कोणी धागे काढत नाही.

जुना_झेवियराइट

+1

आता मला जे खरं सांगायचंय ते. सगळी चर्चा मल्हारवर जाते, दरवेळी. मान्य, मजा असते. पण आर्ट्सला गेलेल्या मुलीसाठी कॉलेजच्या खऱ्या सूचना म्हणजे ज्या डिपार्टमेंटच्या दाराबाहेर एका ए-फोर कागदावर लागतात त्या. "अमुक विषयावर व्याख्यान, दुपारी अडीच, मल्टिमीडिया रूम, सर्वांसाठी खुले." वीस-पंचवीस टाळकी असतात आणि समोर कोणीतरी चाळीस वर्षं एकाच विषयावर काम केलेला माणूस. ठाण्या-वाशीची मुलं नेमकी हीच व्याख्यानं सोडतात कारण लेक्चर बाराला संपलं, मग अडीचपर्यंत थांबायचं कुठे, त्यापेक्षा गर्दी सुरू व्हायच्या आधीची लोकल पकडू. मीही पहिलं वर्षभर तेच करत होतो. नंतर एका सरांनी हेरासचा रस्ता दाखवला आणि थांबायला जागा मिळाली.

हेरास इन्स्टिट्यूट कॉलेजच्याच इमारतीत आहे. फादर हेन्री हेरास हे स्पॅनिश जेझुइट, 1922 ला मुंबईत आले, इतिहास शिकवायचे, 1926 ला ही संशोधन संस्था काढली. सिंधू लिपी वाचायचा ध्यास घेतला होता त्यांनी. त्यांचं वाचन आज किती जण मानतात ते सोडा, पण त्या नादात त्यांनी जमवलेली पुस्तकं, नाणी, मूर्ती हे बघायला मिळणं हेच केवढं आहे! 1955 ला वारले, 1981 मध्ये पोस्टाने त्यांच्यावर तिकीट काढलं. शंभरी गाठलेली संस्था आहे, तेव्हा तिथल्या व्याख्यानांच्या आणि प्रदर्शनांच्या सूचनांवर डोळा ठेवा. इतिहासवाल्यांनीच नाही, सगळ्यांनी.

सीवूड्सचा_बाबा

काका मस्त लिहिलंत. माझा मुलगा सायन्सला आहे तिथे, त्यांचं ब्लॅटर हर्बेरियम आहे वाळवलेल्या वनस्पतींचं, ते पण असंच, आत काय खजिना आहे ते मुलांनाच माहीत नसतं.

तलावपाळी

हेरासचा विषय निघाला म्हणून सांगते, अवांतर आहे पण ठाणेकरांना आवडेल. 1321 च्या एप्रिलमध्ये आपल्या ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. टोलेंटिनोचा थॉमस, पदुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा डिमेट्रियस. पोर्तुगीज यायच्या जवळपास पावणेदोनशे वर्षं आधी! जॉर्डेनस नावाचा त्यांचा साथीदार वाचला, त्याने पत्रं लिहिली म्हणून हे कळलं, आणि पुढे ओडोरिक नावाचा प्रवासी इथे आला तो त्यांच्या अस्थी घेऊन थेट चीनला गेला. म्हणजे तेव्हा ठाणे हे असं बंदर होतं की इटलीचा माणूस इथे उतरून पुढे चीनकडे जायचा. आमच्या घरात हे लहानपणापासून ऐकलेलं, पण शाळेच्या इतिहासात एक ओळ नाही. लेकीला प्रोजेक्ट करायचा असेल तर विषय घ्या, अगदी घरचा आहे.

तीन_पेट्रोल_पंप

बाप रे, हे माहीतच नव्हतं. जन्म ठाण्यात गेला माझा. वेगळा धागा काढा यावर प्लीज.

कोपरीकर

हा, हे भारी आहे. वेगळ्या धाग्याला अनुमोदन. (बघा, मी विरोधातच बोलतो असं नाही.)

ऐरोलीची_पोर

एक राहिलं, एसआयपी. सोशल इन्व्हॉल्व्हमेंट प्रोग्रॅम, 60 तास कुठल्यातरी सामाजिक संस्थेत काम करायचं, हे सगळ्यांना कंपल्सरी आहे. कोणत्या संस्था आहेत त्याची यादी जाहीर होते आणि ठाणे-नवी मुंबईकडच्या जागा पटापट जातात कारण आपल्याकडून येणारी मुलं खूप आहेत. यादी आली की त्याच दिवशी भरायचं, नाहीतर दर शनिवारी कुठेतरी कुलाब्याला जात बसावं लागतं. तास सेमिस्टरच्या सुरुवातीला उरका, शेवटच्या महिन्यात सबमिशन आणि एसआयपी एकत्र आलं की रडायला येतं.

नेरूळची_मामी

नमस्कार, मी एरवी नुसती वाचत असते. माझा भाचा दृष्टिहीन आहे, अकरावीला आहे आर्ट्सला. पुढे झेवियर्सचा विचार करावा का? रोजचा प्रवास आणि अभ्यासाची पुस्तकं हे दोन्ही प्रश्न आहेत.

जुना_झेवियराइट

मामी, नक्की करावा. तिथे दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी एक्सआरसीव्हीसी म्हणून स्वतंत्र केंद्र आहे, 2003 पासून. पुस्तकं वाचता येतील अशा स्वरूपात करून देणं, स्क्रीन रीडरचं (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) शिक्षण, परीक्षेच्या सोयी हे सगळं ते बघतात. ॲडमिशनची वाट न बघता आत्ताच एकदा केंद्रात जाऊन भेटा, कॉलेज निवडायच्या आधी तिथल्या लोकांशी बोलणं झालेलं कधीही चांगलं.

नेरूळची_मामी

धन्यवाद भाऊ. हे कोणीच सांगितलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात बहिणीला घेऊन जाते.

वर्तकनगरची

किती छान माहिती मिळाली, सगळ्यांचे आभार. माझ्यासारख्यांसाठी अजून एक बावळट प्रश्न विचारते. एफवायच्या विषयांची जी सूचना आलीये त्यात मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव, एईसी, व्हीएसी, आयकेएस असं काय काय आहे. आमच्या वेळी तीन विषय घ्यायचे आणि शेवटी एक ठेवायचा. हे काय आहे?

ऐरोलीची_पोर

नवीन शैक्षणिक धोरणाचं आहे काकू. मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडीचा. ओपन इलेक्टिव दुसऱ्या शाखेतला घ्यायचा, म्हणजे आर्ट्सवाली कॉमर्स किंवा सायन्सचा काहीतरी घेईल. एईसी भाषेचा, व्हीएसी मूल्यशिक्षण-पर्यावरण टाइप, आयकेएस भारतीय ज्ञानपरंपरा. सगळ्याला क्रेडिट्स आहेत. तीन वर्षांनी डिग्री घेऊन बाहेर पडता येतं, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. इलेक्टिव निवडायची लिंक उघडली की पहिले येणार त्यांना जागा, तेव्हा त्या वेळेला ती लोकलमध्ये कुर्ला-सायनच्या मध्ये नेटवर्क शोधत नको. घरी वायफायवर बसवा.

कोपरीकर

हे सगळं वाचून मला माझी बीकॉमची मार्कशीट प्रेमाने बघाविशी वाटतेय.

सीवूड्सचा_बाबा

😂😂

प्रवासाचं पण लिहून ठेवतो. सीएसएमटीला उतरून सबवेने महापालिकेच्या बाजूला निघायचं, महापालिका मार्गाने सरळ, कामा हॉस्पिटल, किल्ला कोर्ट आणि मग कॉलेज. दहा-पंधरा मिनिटं चाल. टॅक्सी करू नका, सिग्नलला उभं राहून जास्त वेळ जातो. रविवारचा कार्यक्रम असेल तर आदल्या दिवशी मेगाब्लॉक बघायचा, मेन लाइन की हार्बर. नवी मुंबईकरांना हार्बर बंद असेल तर ठाण्यावरून यायचं हा पर्याय आहे, पण ट्रान्स हार्बरला पण ब्लॉक असतो कधीकधी तेव्हा दोन्ही बघा.

तीन_पेट्रोल_पंप

मुलींना रात्री परत येताना काय करता तुम्ही लोक? कार्यक्रम संपून दहाला सीएसएमटी धरलं तरी ठाण्याला अकरा वाजतात.

ऐरोलीची_पोर

आमचा ठाणे-कळवा-ऐरोलीवाल्यांचा ग्रुप आहे, सीनियर-ज्युनियर मिळून, फेस्टच्या दिवसात एकत्र निघतो आणि लेडीज डब्यात पोलीस असतो त्याच डब्यात बसतो. ठाण्याला उतरल्यावर ज्याचे बाबा घ्यायला येतात ते इतरांना सोडतात. काकू तुमच्या लेकीला कॉलेज सुरू झालं की कॉलेजच्या फॉयरमध्ये (प्रवेशाजवळच्या हॉलमध्ये) भेटायला सांगा, ग्रुपमध्ये ॲड करते. इथे नंबर नको टाकायला.

वर्तकनगरची

अगं किती गोड! सांगते तिला. वर्तकनगर, शास्त्रीनगर साइडला रात्री सोडायचं काम आमच्या ह्यांच्याकडे लागलं, त्यांची सात सीटर आहे आणि झोप कमी.

जॅनफेस्टला कोण कोण येणार आहे ते आत्ताच सांगून ठेवा, पास एकत्र काढू.

तलावपाळी

मी आणि नवरा, दोन.

नेरूळची_मामी

मी येईन, पण हार्बरला ब्लॉक नसेल तर.

कोपरीकर

...एक माझा पण धरा. शास्त्रीय संगीत आहे म्हणून हां, कॉलेजसाठी नाही.